भिंतीवरचे संत

कॅथलिक संतांचे नाव मराठी मंडळीत काढले की दोनच प्रकारची उत्तरे मिळतात, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. पहिले उत्तर असे की, ज्ञानोबा-तुकोबा घरात असताना हे परदेशी संत आम्हांस कशाला? दुसरे उत्तर त्याहून पुष्कळ गोड असते. ‘वा, फार छान! आमच्याकडे रोज सकाळी मोबाइलवर एखाद्या ख्रिस्ती संताचे वचन येते, फुलांच्या चित्रासह; दिवस कसा प्रसन्न जातो!’ पहिल्या उत्तरात तुसडेपणा आहे, दुसऱ्यात सौजन्य आहे. परंतु आमच्या मते दोघांनीही संतांकडे सारखीच पाठ फिरवली आहे. एकाने त्यांना दाराबाहेर उभे केले, दुसऱ्याने भिंतीवर टांगले. घरात वावरू मात्र कोणीच दिले नाही.

आम्ही हे बीरगांवातून लिहीत आहोत. रायपूरला लागून असलेले हे एकेकाळचे खेडे आज स्वतंत्र महानगरपालिकेचे गाव झाले आहे. एका अंगाला उरल्याचे कारखाने, पुढे सिलतरा. लोखंडाच्या भट्ट्या आणि सळ्या ओढणाऱ्या गिरण्या. गच्चीवर वाळत घातलेले धोतर संध्याकाळी काळी भुकटी घेऊन घरात येते. छत्तीसगडच्या खेड्यांतून, ओडिशातून, बिहारातून आलेला मजूर येथे पाळीवर जातो आणि पाळीवरून येतो. या दोन फेऱ्यांच्या मध्ये जे उरते त्याला त्याचे आयुष्य म्हणायचे. आम्ही मराठी माणसे येथे मोजकी. कोणी कारखान्याच्या कचेरीत, कोणी शाळेत, कोणी दुकानात. ‘रोजच्या जगण्याला प्रेरणा’ हा शब्दप्रयोग पुण्या-मुंबईच्या व्यासपीठावर शोभून दिसतो. येथे तो उच्चारताना जपून उच्चारावा लागतो, कारण समोरचा माणूस लगेच विचारील की, रोज म्हणजे कोणता रोज? दिवसपाळी की रातपाळी?

प्रथम ‘परके’ म्हणणारांचा समाचार घेऊ.

टॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यास उतरला आणि १६१९ साली मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, बहुतेक साष्टीत राहिला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. दोन पुराणे, पंच्याण्णव अवस्वर, आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या. लिपी रोमन होती, पण भाषा मराठी आणि छंद ओवीच. बायबलच्या जुन्या आणि नव्या कराराची कथा या इंग्रजाने ज्ञानदेवाच्या छंदात बसवली. त्यातील मराठीच्या गौरवाच्या ओव्या आपण पाठ्यपुस्तकांत पाठ केल्या, भाषेच्या समारंभात टाळ्या घेऊन म्हटल्या. आणि त्या ओव्या ज्या कथेच्या दारात उभ्या आहेत ती कथा मात्र वाचली नाही. तोरणाची प्रशंसा करून उंबऱ्यावरूनच परतावे, असा हा प्रकार आहे. पुढे १६२९ साली एतिएन द ला क्रुवा या फ्रेंचाने संत पीटरचे चरित्र मराठी ओवीत आणले. आणि शतकाच्या मध्याला अंतोनियु द साल्दान्य याने पादुआच्या संत अंतोनची जीवितकथा येथल्या वाचकासाठी लिहिली. तेव्हा पीटर आणि अंतोन आपल्या किनाऱ्यावर येऊन आपली बोली बोलू लागले त्याला साडेतीनशे वर्षे होऊन गेली. इतक्या वर्षांनंतरही एखाद्याला पाहुणा म्हणावयाचे असेल तर मग बटाटा आणि मिरची यांनाही स्वयंपाकघरातून घालवून द्यावे लागेल.

यावर जो खरा आक्षेप आहे तो आम्ही टाळीत नाही. स्टीफन्स ज्या साष्टीत राहिला तेथली देवळे १५६७ साली पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच येशूसंघीयांना ठार केले, आणि त्यानंतर तेथील गावकऱ्यांच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय होते. हे सर्व घडले. आणि ज्या धर्मसंघाला त्या सत्तेचा आधार होता त्या संघाचाच स्टीफन्स सभासद होता. त्याला या सगळ्यातून निष्कलंक बाहेर काढण्याचा वकिली खटाटोप आम्ही करणार नाही. परंतु एक गोष्ट आक्षेपकांनीही विसरू नये. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावी. म्हणजे देशी भाषा मारावयास जी सत्ता निघाली, तिचा हुकूम स्टीफन्सच्या ग्रंथाच्या भाषेवरही चालला. सतराव्या शतकात तीनदा छापल्या गेलेल्या त्या पुराणाची एकही छापील प्रत आज कोणाच्या हाती नाही. ते वाचले ते हस्तलिखितांत, ख्रिस्ती घरांतून हातोहात उतरून घेतले गेले म्हणून. मंगळुरात १९०७ साली ते पुन्हा रोमन लिपीत छापले गेले, आणि देवनागरीत यायला १९५६ साल उजाडावे लागले. ते काम पुण्यात शांताराम बंडेलू यांनी केले. त्यांनी ते मराठी वाचकाच्या हाती दिले. सत्तेचे पाप सत्तेच्या खाती मांडावे. ओवीच्या खाती ते चढवण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

हा वाद जुना झाला असे कोणास वाटेल तर २०१९ साल आठवावे. वसईचे धर्मगुरू फ्रान्सिस दिब्रिटो यांची त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली आणि लगेच त्यांच्या झग्याकडे बोट दाखवून विरोध सुरू झाला. या माणसाने बायबलचे मराठी ‘सुबोध बायबल’ या नावाने केले होते, ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षे चालवले होते, आणि वसईच्या विहिरी व वाड्या वाचवण्यासाठी हरित वसईच्या चळवळीत उतरून दांडग्यांचे वैर पत्करले होते. विरोध करणारांपैकी किती जणांनी त्यांचे एक तरी पुस्तक उघडले होते, हा प्रश्न आम्ही तेव्हाही विचारला होता. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेस संमेलन झाले, ते अध्यक्ष म्हणून बसले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. संमेलनाच्या इतिहासातले पहिले ख्रिस्ती अध्यक्ष अशी नोंद राहिली. ही नोंद व्हायला ख्रिस्तपुराणानंतर चारशे चार वर्षे लागली, याची लाज कोणाला वाटली असल्यास आमच्या कानी आलेले नाही.

आणि शास्त्रवचनाने मराठी माणसाचे काय होऊ शकते याचा दाखला तर आमच्या दारावरूनच गेलेला आहे. नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावच्या नोकरीवर निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी बोलणे झाले, त्याने नव्या कराराचे पुस्तक हाती दिले आणि ते वाचण्याचा आग्रह केला. टिळकांनी शब्द दिला म्हणून वाचावयास घेतले. पर्वतावरील प्रवचनापाशी आले आणि तेथून त्यांना उठवेना. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते प्रॉटेस्टंट झाले, कॅथलिक नव्हेत, हे आम्हांस ठाऊक आहे. पण मत्तयाचे पाचवे प्रकरण दोन्ही घरी एकच आहे. राजनांदगावचा तो रूळ पुढे दुर्ग-रायपूर करीत आमच्या उरकुऱ्यावरून बिलासपूरकडे जातो. टिळकांनी जे केले तेच प्रत्येकाने करावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काय आले ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगावयास नको. आमचे म्हणणे इतकेच की, त्या माणसाने पुस्तक *वाचले*. वचन घेतले नाही, पुस्तक घेतले.

येथून आम्ही दुसऱ्या पक्षाकडे वळतो, आणि खरे सांगावयाचे तर आमचे मुख्य भांडण या गोडबोल्या पक्षाशीच आहे.

सकाळच्या वचनांचे एकच उदाहरण घ्या. ‘संत फ्रान्सिसची प्रार्थना’ म्हणून जी जगभर म्हटली जाते, शाळाशाळांतून, सर्वधर्म सभांतून, मराठीतही जिची अनेक रूपांतरे फिरतात, ती शांतीचे साधन होऊ दे म्हणणारी प्रार्थना असिसीच्या फ्रान्सिसने लिहिलेली नाही. ती १९१२ साली फ्रान्समधील एका लहानशा धार्मिक मासिकात कर्त्याच्या नावाशिवाय छापून आली. फ्रान्सिस १२२६ साली वारला. प्रार्थना वाईट नाही. पण गंमत पाहा: जे त्याने लिहिले नाही ते सर्वांना पाठ, आणि जे लिहिले ते कोणाला माहीत नाही. आजाराने खंगलेला, डोळे जवळजवळ गेलेला फ्रान्सिस १२२५ च्या सुमारास सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणून हाक मारणारे गीत रचतो, तेही पंडितांच्या लॅटिनमध्ये नव्हे, आपल्या मुलखाच्या बोलीत. ज्ञानेश्वरी व्हायला तेव्हा अजून पासष्ट वर्षे अवकाश होता. आणि मृत्युपत्रात तो आपल्या बंधूंना निक्षून सांगतो की, मी हातांनी काम करीत आलो, तुम्हीही करा. ज्याला काम येत नाही त्याने शिकावे. या वाक्यावर फुलांचे चित्र काढून कोणी मोबाइलवर धाडल्याचे आम्ही पाहिले नाही.

पादुआच्या अंतोनची तर याहून मोठी फजिती झाली आहे. हरवलेली किल्ली शोधून देणारा संत, एवढीच त्याची ख्याती उरली. आणि काही देशांत लग्न जमावे म्हणून मुली त्याची मूर्ती उलटी टांगतात असे वाचावयास मिळते. या माणसाने आयुष्याच्या शेवटच्या वर्षी काय केले? पादुआत सावकारीने लोक नागवले जात होते, कर्ज फिटले नाही की कोठडी. अंतोनने प्रवचनांतून सावकारांना झोडपले, आणि मार्च १२३१ मध्ये त्या नगराने कायदा बदलला: जो ऋणको आपली मालमत्ता स्वाधीन करील त्याला कर्जापायी बंदीत ठेवू नये. हा बदल अंतोनच्या विनंतीवरून होत आहे असे त्या कायद्यातच नमूद आहे. त्याच वर्षी जूनमध्ये तो वारला. ज्या वस्तीत पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाबाहेर वसुलीवाला उभा असतो, त्या वस्तीला हा अंतोन हवा की किल्ली शोधणारा?

हीच गोष्ट संत योसेफची. अमेरिकेत घर विकले जात नसले म्हणजे त्याची लहानशी मूर्ती अंगणात उलटी पुरण्याची रीत आहे. शुभवर्तमानांत योसेफच्या तोंडी एकही शब्द नाही. चारही ग्रंथ चाळा; तो उठतो, निघतो, बायको-मुलाला घेऊन परमुलखात जातो, परत येतो, पण बोलत नाही. येशूला लोक सुताराचा मुलगा म्हणून ओळखतात; बापाची ओळख त्याच्या धंद्याने राहिली. म्हणजे ज्याचे सुवचन करून भिंतीवर लावता येणे शक्यच नाही असा हा एक संत आहे, आणि आम्हांस तो म्हणूनच प्रिय आहे. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली ‘श्रमिक योसेफ’ म्हणून त्याचा सण १ मे रोजी नेमला. जगातले कामगार ज्या दिवशी लाल निशाण घेऊन निघतात तोच दिवस मुद्दाम धरला. त्यात राजकारण होते असे कोणी म्हणेल, होतेच. पण सुताराला कामगारांच्या दिवशी आणून बसवण्यात काही गैर झाले, असे कोणत्या पक्षाचा माणूस म्हणेल?

आता त्या सुताराच्या मुलाने सांगितलेल्या एका दृष्टांताकडे येऊ. बीरगांवातल्या माणसाला तो समजावून सांगण्याची गरज नाही. रायपूरच्या बाजूला जेथे मजूर सकाळी कामाची वाट पाहत उभे राहतात त्या चौकाला ‘चावडी’ म्हणतात. मराठी वाचकाला चावडी म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांची बसावयाची जागा. येथे ती मजुराची उभी राहावयाची जागा आहे. हातात थापी, फावडे, रंगाचा ब्रश, डब्यात भात. ठेकेदाराची गाडी येते, तो दंड चाचपल्यासारखा पाहतो, चौघांना घेतो. नवापर्यंत ताकदवान पोरे गेलेली असतात. दहा-अकरापर्यंत मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि कडेवर मूल असलेल्या बाया.

मत्तयाच्या विसाव्या प्रकरणात हेच आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे चौकात जातो, दिवसाची मजुरी ठरवून माणसे घेतो. नऊ वाजता पुन्हा जातो, बारा वाजता जातो, तीन वाजता जातो. दिवस मावळायला तास उरला असताना पुन्हा जातो, तर अजून काही जण उभेच. रिकामे का, असे विचारता ते सांगतात की, कोणी नेलेच नाही. त्यांनाही तो मळ्यात धाडतो. संध्याकाळी शेवटच्यांपासून वाटप सुरू होते आणि सर्वांना सारखेच, पूर्ण दिवसाचे, पैसे मिळतात. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुर करतात. धनी म्हणतो की, ठरले ते तुम्हांस दिले. मी उदार झालो म्हणून तुम्हांस का बोचावे?

आमच्या एका कारखानदार स्नेह्यांना हा दृष्टांत आम्ही एकदा वाचून दाखवला. ते धार्मिक वृत्तीचे आहेत, आणि फार चांगले आहेत. ते म्हणाले, ‘हे केले तर दुसऱ्या दिवशी पहाटे कोण येईल? सगळे पाचलाच उगवतील.’ हिशेब बिनचूक होता. आम्ही त्यांस एवढेच विचारले की, पाचला आलेला माणूस पहाटेपासून कुठे होता? तो चौकातच होता. घरी झोपलेला नव्हता. त्याचा दिवस पूर्ण गेला, त्याचे पोट पूर्ण दिवसाचे, घरी वाट पाहणाऱ्या पोरांची भूक पूर्ण दिवसाची. अपुरे होते ते फक्त त्याला मिळालेले काम, आणि ते त्याच्या हातात नव्हते. तो धनी मजुरीचे दरपत्रक करावयास निघालेला नाही. कुणी दंड चाचपून ज्याला नाकारले त्याच्याकडे तो पाचव्यांदा चौकात जातो, ही त्यातली आम्हांस मुख्य वाटणारी गोष्ट. एरवी कोणता मालक दिवसातून पाच वेळा चावडीवर गेलेला आम्ही पाहिला आहे? स्नेही गप्प बसले. पटले म्हणून की कंटाळून, ते त्यांचे त्यांना ठाऊक.

यावर ‘फार सुंदर रूपक आहे, हे स्वर्गाच्या राज्याविषयी आहे’ असे म्हणणारी मंडळी तत्काळ भेटतात. होय, ते स्वर्गाच्या राज्याविषयी आहे असे ग्रंथच म्हणतो. पण मग अनुवादाच्या पुस्तकात मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो, असे जे सांगितले आहे ते कोणते रूपक? आणि याकोबाच्या पत्रात, शेत कापणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, हे कोणते रूपक? पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढले तेव्हा ह्या पत्राचाच आधार घेतला होता. आणि २०२५ साली निवडून आलेल्या पोपने लिओ हे नाव घेतले ते त्या परिपत्रकाची आठवण ठेवून, असे त्यांनी स्वतःच सांगितले. रोमला जे रूपक वाटले नाही ते बीरगांवच्या ठेकेदाराला रूपक वाटते. हप्ता हप्ता मजुरी मागे ठेवून माणूस बांधून ठेवण्याची येथली रीत कोणापासून लपलेली नाही. त्या ठेकेदाराच्या मोटारीच्या काचेवर देवाचे चित्र असते. कोणत्या देवाचे, ते मोटारीगणिक बदलते, चित्र असतेच.

आमच्यासारख्या बाहेरगावच्या मराठी माणसांना मात्र सर्वांत जवळचा असावयास हवा तो आणखी एक संत आहे, आणि त्याचे नाव वसईबाहेरच्या मराठी माणसाला बहुधा ठाऊक नसते. गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत जन्मला. येशूसंघीयांच्या हाताखाली वाढला, त्यांच्याबरोबर जपानात गेला, ती भाषा शिकला, वर्षानुवर्षे धर्मशिक्षक म्हणून राबला; पण त्या संघात त्याला प्रवेश काही मिळाला नाही. मग त्याने मकावात व्यापार मांडला आणि तो चांगला चालला. चालता व्यापार सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू झाला. पुरोहित तो कधीच नव्हता. १५९३ साली फ्रान्सिस्कनांचे शिष्टमंडळ जपानच्या हिदेयोशीकडे निघाले तेव्हा त्याला बरोबर घेतले, कारण जपानी त्याला येत होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारले, त्यांत हा वसईकर होता. १८६२ साली रोमने त्याला संत ठरवले. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो हाच. वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे.

चरित्रकार क्रुसावर थांबतात. आम्ही त्याआधीच्या चार वर्षांशी थांबतो. तो दुभाषी होता. दुभाष्याचे काम वरून सोपे दिसते, पण त्यात पावलोपावली मोह असतो. इकडचे कडू बोल तिकडे गोड करून सांगावे, तिकडची धमकी इकडे अर्धीच पोचवावी, आणि दोघांच्या मर्जीत राहून आपला संसार चालवावा. राजाच्या दरबारात जो माणूस दोघांचेही बोलणे समजतो त्याला स्वतःला वाचवणे सर्वांत सोपे असते. तो वाचला नाही.

आता आपण परप्रांतातले मराठी लोक काय करतो? घरी मराठी, कचेरीत हिंदी, बाजारात छत्तीसगढी, वरच्या साहेबाशी इंग्रजी. भोसल्यांच्या अमदानीपासून या मुलखात मराठी माणसाची जागा बहुधा मधलीच राहिली आहे: कारकून, मुनीम, मास्तर, पाळीवरचा देखरेख्या. मालकाचे मजुराला सांगणारा आणि मजुराचे मालकाला सांगणारा. अंगठा उमटवणाऱ्या माणसाला हजेरीपट वाचून दाखवणारा. त्या पटावर सहा दिवस लिहिले असता ‘सात’ म्हणून वाचता येते. जखम कारखान्यात झाली असता वाटेत झाली असे लिहिता येते. येथे संताची प्रेरणा हवी असते, सकाळच्या चहाबरोबर नव्हे. गोन्सालोचे चित्र कोणी मराठी देखरेख्याने आपल्या मेजावर ठेवल्यास आम्ही त्याला नावे ठेवणार नाही, मात्र पट वाचताना ते समोर असावे.

लिझ्यूच्या तेरेझाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तिच्याविषयी पुष्कळ गोड लिहिले गेले आहे आणि तिला ते मानवलेले नाही. पंधराव्या वर्षी मठात गेलेली, चोविसाव्या वर्षी क्षयाने मेलेली ही मुलगी सांगते काय, तर धुणे धुताना समोरची धर्मभगिनी घाण पाणी तोंडावर उडवीत असे, आणि मागे सरून तोंड पुसावे ही ऊर्मी तिने आवरली. बस, एवढेच. ज्या घरात एकाच नळावर चार बिऱ्हाडे धुणी धुतात त्या घरातल्या बाईने यावर मत द्यावे; तिला ही गोष्ट लहान वाटणार नाही. मठाबाहेर पाऊल न टाकलेल्या या तेरेझाला १९२७ साली मिशनरी कार्याची आश्रयदात्री ठरवले गेले.

कोणी म्हणेल की, हे सर्व आमच्या जनाबाईच्या जात्यात आणि गोरोबाच्या चिखलात आधीच होते. होतेच. आमचा प्रश्न असा की, तेथे तरी आपण ते ठेवले काय? चोखोबा मंगळवेढ्याला वेठीवर कुसवाचे काम करीत असता ते कोसळले आणि तो त्याखाली गेला, असे परंपरा सांगते. बांधकामावर दगावलेला मजूर म्हणून कोणत्या मराठी मंडळात चोखोबाची आठवण निघते? त्याचाही अभंग आपण गळ्याच्या हरकतींसह ऐकतो, ‘वा’ म्हणतो आणि घरी जातो. परक्यांना नको म्हणणारे आपल्यांना फारसे जवळ करतात असे दिसत नाही. उलट, चोखोबाला जो कोसळलेल्या भिंतीखाली पाहील, त्याला योसेफच्या रंध्याची ओळख पटण्यास वेळ लागणार नाही. आणि जो योसेफला ओळखील तो चोखोबाला केवळ मैफिलीत ऐकून घरी जाऊ शकणार नाही.

१ मे हा महाराष्ट्र दिन. परप्रांतांतील मराठी मंडळे तो उत्साहाने साजरा करतात. १९६० चा तो मंगल कलश, पोवाडा, पुरणपोळी, बालगोपाळांची लेझीम. तोच कामगार दिन, आणि तोच श्रमिक योसेफचा सण. हा योगायोग आजवर कोणत्या मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत उतरलेला आम्ही पाहिला नाही. आमची सूचना अगदी लहान आहे. येत्या १ मे रोजी भाषणांतून पंधरा मिनिटे काढावी, दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ मागवावे, आणि मत्तयाचे विसावे प्रकरण एखाद्या चांगल्या वाचणाऱ्याकडून मराठीत वाचवून घ्यावे. भाष्य करू नये. मंडळाच्या ग्रंथालयात ‘ख्रिस्तपुराण’ नसल्यास त्याच दिवशी ते मागवल्याचा ठराव करावा. आणि मांडव घालणाऱ्या, खुर्च्या वाहणाऱ्या, भांडी घासणाऱ्या माणसांचे पैसे ‘उद्या या’ म्हणून न लांबवता, संध्याकाळचा कार्यक्रम सुरू होण्याच्या आधी, सूर्य वर असतानाच, त्यांच्या हातावर मोजून द्यावे. खजिनदारांनी त्यासाठी सुटे पैसे आदल्या दिवशीच आणून ठेवावे.